थंडीत जुनी रिअर व्हील ड्राइव्ह गाडी: पार्ले ते महाबळेश्वर

पावसाळ्यात जुनी गाडी बाहेर काढू नये, हे मुंबईत कुणाला शिकवावं लागत नाही. दिवाळीचे फटाके संपले की कव्हर निघतं आणि मग सगळे मोकाट सुटतात. रस्ते कोरडे, हवा गार, सिग्नलला इंजिन तापत नाही, चला लोणावळा! घोळ इथंच होतो. पावसात माणूस जीव मुठीत धरून चालवतो, म्हणून निभावतं. थंडीत रस्ता कोरडा दिसतो. असतोच असं नाही. आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) वगैरे काही नसलेल्या गाडीला हा फरक तुमच्या आधी कळतो.

माझी गाडी स्टँडर्ड हेरल्ड, म्हणजे इंग्लंडच्या ट्रायम्फ हेरल्डची मद्रासला बनलेली बहीण, १९६४ची, दोन दरवाजांची. बाबांचं ऑपेरा हाउसला स्पेअर पार्टचं दुकान होतं. कॉलेजात असल्यापासून मी काउंटरवर बसायचे, त्यामुळे गाडी चालवायला शिकण्याआधी मला तिचे पार्ट नंबर पाठ होते. हेरल्डला कुणी स्पोर्ट्स कार म्हणणार नाही. इंजिन ९४८ सीसीचं. चढावर मागून येणारी एसटी हॉर्न मारून बाजूला करते. पण १९६२ साली इंग्लंडात ट्रायम्फनं स्पिटफायर काढली, दोन सीटची खरीखुरी स्पोर्ट्स कार, ती हेरल्डचीच चासी आखूड करून. डिझाइन दोघींचंही मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरचं, मागचं सस्पेन्शनही तेच. म्हणजे वेग सोडला तर स्पोर्ट्स कारचे सगळे अवगुण माझ्या पदरात आहेत. भाच्याकडे जुनी बीएमडब्ल्यू झी-थ्री आहे, तिच्यात वेगही आहे. त्याला जे वेळोवेळी सांगितलं तेच इथं लिहिते. फियाट, ११८ एनई, कॉन्टेसा, जुनी मर्सिडीज, कुणाकडे काहीही असो, मागची चाकं गाडी ढकलत असतील तर यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी टायर, मग बाकी सगळं

जुन्या गाडीचे टायर झिजून बाद होत नाहीत, वयानं बाद होतात. गाडी वर्षाकाठी फिरते किती? नक्षी छान खोल असते, मालक खूश असतो, आणि रबर मात्र पार लाकूड झालेलं असतं. टायरच्या बाजूला 'डॉट' अक्षरांनंतर जी ओळ असते तिचे शेवटचे चार आकडे बघा. २३१६ असेल तर टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. कायद्यानं कारला १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, पण मी सहा-सात वर्षांवरचा टायर घाटात नेत नाही, नक्षी कितीही असू दे. अंगठ्याचं नख रबरात दाबून बघा; ताज्या टायरवर वळ उठतो, जुन्यावर नख घसरतं.

थंड देशांत बर्फासाठी वेगळे टायर घालतात, कारण साधारण ७ अंशांखाली नेहमीचं रबर कडक होतं. मुंबईत पारा सोळा-सतराच्या खाली फारसा जात नाही, तेव्हा ते टायर आपल्याला नकोतच. पण म्हातारं रबर पंधरा अंशांतही कडकच वागतं, आणि पहाटे पाचला लोणावळ्यात तुम्ही त्याच रबरावर वळणार असता.

हेरल्डला १३ इंची चाक लागतं. १४५/८० आर १३ हा साइझ वॅगन-आरमुळे कुठल्याही दुकानात मिळतो, त्यामुळे सबब चालत नाही. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे घालायचे. इथं दुकानदाराशी हमखास वाद होतो.

"मॅडम, स्टेअरिंग पुढे आहे, नवीन टायर पुढेच टाकतात."

"मागे टाक."

"ब्रेकपण पुढेच जास्त लागतो…"

त्याचंही खोटं नाही. पण पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला बघते, स्टेअरिंग हलकं लागतं, तुम्हाला कळतं, तुम्ही वेग कमी करता. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि विचार करायला वेळ उरत नाही. म्हणून चांगली पकड कायम मागे. झी-थ्रीला हे लागू पडतंच, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आपल्या रोजच्या हॅचबॅकलासुद्धा पडतं.

हवेचं गणित निराळं. हेरल्डला आणि स्पिटफायरला मागे पुढच्यापेक्षा पाच-एक पौंड जास्त हवा सांगितलेली आहे. पंपावरचा मुलगा न विचारता चारही चाकांत तीस-तीस मारून मोकळा होतो, तेव्हा खाली उतरून समोर उभं राहा. शिवाय तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की हवा साधारण एक पौंडानं उतरते. दुपारी पार्ल्यात बत्तीस अंशांत भरलेली हवा दुसऱ्या पहाटे खंडाळ्यात तीन-चार पौंड कमी भरते. हवा सकाळी, गाडी फिरायच्या आधी मोजायची. हातातला गेज चार-पाचशे रुपयांत येतो, घेऊन ठेवा.

चार महिने झोपलेली गाडी उठवताना

यात सगळं सांगत बसत नाही. बॅटरी, तेल, पाणी तुमचा मेस्त्री बघेलच. (दुसऱ्या गाडीवरून केबल लावून सुरू करणार असाल तर आधी अर्थ, म्हणजे बॅटरीचं गाडीच्या बॉडीला जोडलेलं टोक, कुठला आहे ते बघा, जुन्या इंग्लिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो आणि मदतीला आलेल्या शेजाऱ्याला ते माहीत नसतं.) ज्या गोष्टी मेस्त्री बघत नाही त्या मात्र सांगते.

हेरल्डच्या आणि स्पिटफायरच्या पुढच्या चाकाला खाली एक ट्रनियन असतो. पितळी रंगाचा ठोकळा, आत आटे, आणि त्या आट्यांत चाक धरून ठेवणारी पोलादी दांडी फिरते. स्टेअरिंग वळवलं की ती दांडी स्क्रूसारखी आत-बाहेर होते. त्यात ग्रीस नाही, गिअर ऑइल घालायचं, ईपी ९०. गॅरेजवाला ग्रीसगन घेऊन खाली सरकतो, सगळीकडे ग्रीस मारतो तसं इथंही मारतो आणि काम फत्ते म्हणून बाहेर येतो. ग्रीस आतल्या बारीक आट्यांपर्यंत पोचत नाही, वर सुकून बसतं, पावसाचं पाणी मात्र पोचतं. दांडी आतून गंजते आणि एक दिवस वळताना तुटते. चाक आडवं होऊन मडगार्डखाली जातं. मी एक जुनी ग्रीसगन फक्त या कामासाठी ठेवली आहे, आत ग्रीसऐवजी गिअर ऑइल. ट्रनियनचा बोल्ट काढायचा, तिथं निपल बसवायचं, वरच्या सीलपाशी तेल पाझरेपर्यंत दाबायचं, पुसायचं, बोल्ट परत. आधी काळं, गढूळ तेल येतं, मग स्वच्छ. पाझरलेलं तेल लालसर आलं तर आत गंज आहे. गाडी घाटात न्यायची नाही, खोलायची. हेरल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, पुढच्या चाकावर बसून काम करता येतं, इतकं सोपं आहे. तरी लोक करत नाहीत.

बाकीच्या गाड्यांना ट्रनियन नसतो, पण चार महिने ओल खाल्लेलं काही ना काही असतंच. फियाटच्या पाट्यांमधला, म्हणजे मागच्या पट्टीच्या स्प्रिंगांमधला गंज, प्रॉपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे. गिअर टाकून क्लच सोडताना मागून 'टक' आवाज आला तर क्रॉस गेला समजा.

ब्रेक. हँडब्रेक ओढून गाडी उभी ठेवली असेल तर ब्रेक शू ड्रमला चिकटलेला असतो. रेस देऊन ओढू नका. चाक काढा, ड्रमवर लाकडी ठोकळा धरून हातोडीनं ठोका. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं आणि मुंबईच्या चार महिन्यांत पोटभर पितं. पाणी मिसळलेलं ऑइल घाट उतरताना उकळतं, पेडल थेट जमिनीला लागतं. दरवर्षी दिवाळीनंतर सगळं बदलायचं. मग रिकाम्या रस्त्यावर तीसच्या वेगात ब्रेक दाबून बघा, गाडी एका बाजूला ओढते का. कोरड्यावर किंचित ओढणारी गाडी ओल्यावर आडवी होते.

पेट्रोल. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं मिळतं. ते जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा, गॅस्केट खातं, शिवाय ओल खेचतं. इथेनॉल सोसणारे पाइप बसवा, ते मिळतात. पावसाळ्यापूर्वीचं पेट्रोल टाकीत असेल तर काढून टाका. इथेनॉलमुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं, म्हणून मेस्त्रीला कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकून बघायला सांगा. हे सगळं इंजिनाचं दुखणं वाटतं, पण वळणात मध्येच इंजिन अडखळलं तर मागच्या चाकांवर काय होतं ते पुढे येतंय.

खरं काम उजव्या पायाचं

हेरल्डचं मागचं सस्पेन्शन समजून घ्या, म्हणजे बाकीच्या गाड्यांचं आपोआप समजेल. मधला गोळा, म्हणजे डिफरन्शियल, चासीला पक्का. दोन्ही बाजूंचे अर्धे ॲक्सल त्याला बिजागरीसारखे जोडलेले, वर एकच आडवा पाटा. गाडीचा मागचा भाग वर उचलला की दोन्ही चाकं खालून आत वळतात, उडायला निघालेल्या बगळ्याच्या पायांसारखी. टायर मग पूर्ण रुंदीवर टेकत नाही, कडेवर उभा राहतो. पकड गेली.

मागचा भाग वर कधी उचलतो? वळणात असताना तुम्ही घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन काढता तेव्हा. वजन पुढे जातं, शेपूट हलकं होतं, वर येतं, चाकं आत वळतात, आणि त्याच वेळी इंजिन मागच्या चाकांना मागे खेचत असतं. तीनही गोष्टी एका क्षणात, एकाच दिशेनं. हेरल्डच्या इंजिनात रेस देऊन शेपूट फिरवायची ताकदच नाही. ती फिरते ती पाय काढल्यावर. हे ट्रायम्फलाही माहीत होतं. १९७०च्या शेवटी आलेल्या स्पिटफायरच्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी पाट्याची बसवणी बदलून हा दोष बराच कमी केला. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं तर पुढच्या गझेलला सरळ अखंड ॲक्सल घातला.

झी-थ्रीचं दुखणं दुहेरी. तिचं मागचं सस्पेन्शन बीएमडब्ल्यूच्याच जुन्या थ्री सीरिज गाडीचं, पाय काढल्यावर तीही चाळवते. आणि ताकद असल्यामुळे ओल्या वळणातून बाहेर पडताना लवकर रेस दिली तरी शेपूट मारते. भाचा पहिल्यांदा म्हणाला, "मावशी, मग पाय ठेवू कुठे?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की वळण सुरू व्हायच्या आधी सगळं उरकायचं. सरळ रस्त्यावर असतानाच ब्रेक, सरळ असतानाच खालचा गिअर, मग ब्रेक सोडून वळायचं आणि वळणभर ॲक्सिलरेटर अंगठ्यानं दाबल्याइतकाच, न हलवता धरून ठेवायचा. वेग वाढवण्यासाठी नाही, शेपूट खाली बसलेलं राहावं म्हणून. स्टेअरिंग सरळ होऊ लागलं की मग हळूहळू दाबायचा. वळणात शिरल्यावर वेग जास्त झाला असं वाटलं, तर एकदम काढण्याऐवजी पाय थोडासाच, सावकाश सैल करायचा.

खालचा गिअर टाकतानाही तसंच. क्लच फटकन सोडला की मागची चाकं क्षणभर अडतात. ओल्यावर तो हँडब्रेकच ओढल्यासारखा परिणाम. न्यूट्रलमध्ये येऊन हलकी रेस द्यायची, इंजिन वर आलं की गिअर आत सरकवायचा. जुन्या एसटी ड्रायव्हरांना विचारा, ते याला डबल क्लच म्हणतात आणि त्यांचं आयुष्य त्यावर गेलं. हेरल्डच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, तेव्हा मला ते शिकावंच लागलं.

आणि तरी शेपूट सुटलंच तर? आधी ओळखा कशानं सुटलं. रेस दिल्यानं सुटलं असेल तर पाय सैल करा. पाय काढल्यानं सुटलं असेल तर उलट, थोडी रेस परत द्या. दोन्हीकडे स्टेअरिंग शेपूट चाललंय त्या बाजूला वळवायचं, आणि गाडी सरळ होऊ लागली की तेवढ्याच चपळाईनं परत आणायचं. ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. नजर दरीकडे नको, जिथं जायचंय त्या रस्त्यावर हवी. हात नजरेमागे जातात.

हे वाचून येत नाही. भिवंडीकडे ओळखीच्या कुणाचं गोदाम असेल तर रविवारी आतलं आवार रिकामं असतं. मालकाला विचारा, पाण्याचा टँकर सांगा, कोपरा भिजवा, आणि वीस-पंचवीसच्या वेगात मुद्दाम पाय झटकन काढून बघा. फार तर गाडी गोल फिरेल, पण शेपूट सुटायच्या आधी सीटमधून जे जाणवतं ते एकदा कळलं की विसरत नाही. रिक्लेमेशनला रात्री बारा वाजता हे करणारी पोरं वेगळी. त्यांना पोलीस पकडतात आणि बरं करतात.

बर्फातली माणसं डिकीत वाळूची पोती टाकतात, मागच्या चाकांवर भार यावा म्हणून. आपल्याकडे कुणी तसं सुचवलं तर ऐकू नका. सरळ रस्त्यावर बर्फातून निघायला त्याचा उपयोग होतो. घाटात मात्र चाकांच्याही मागे टांगलेलं वजन शेपूट सुटल्यावर त्याला आणखी बाहेर फेकतं. सामान मागच्या सीटवर, खाली, पुढे सरकवून.

शहरातले घसरडे तुकडे

थंडीत रस्ते कोरडे असतात म्हणता? पहाटे साडेपाचला वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या फ्लायओव्हरवर हात टेकवून बघा. फ्लायओव्हरला खालून-वरून हवा लागते, तो जमिनीवरच्या रस्त्याआधी गार होतो, त्यावर दव धरतं. त्याखाली महिन्याभराची धूळ आणि डिझेल. पाऊस निदान धुऊन तरी नेतो. दव नुसतं कालवतं. फ्लायओव्हरचे लोखंडी सांधे, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, झेब्रा क्रॉसिंगचे जाड पांढरे पट्टे, यांवर वळणं नको, ब्रेक नको, रेस नको. सरळ, नुसतं वाहत जायचं. सिमेंट मिक्सरमधून सांडलेला गाळ वाळला की खडी होते, ओला असला की साबण.

ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्याच्या आसपास आणखी एक मजा. मासळीच्या टेम्पोतून बर्फाचं पाणी गळत जातं, वळणावर जास्त. वास आला की समजायचं, पुढच्या वळणावर रस्ता बुळबुळीत आहे. नाक हे जुन्या गाडीतलं सगळ्यात स्वस्त उपकरण. पेट्रोलचा, जळक्या क्लचचा आणि बोंबलाचा वास वेळेवर कळायला हवा.

सिग्नलवरून निघताना ओलं असेल तर क्लच सावकाश, रेस कमी. ताकदवान गाडी दुसऱ्या गिअरमध्ये काढली तरी हरकत नाही.

घाट

आमचा रस्ता जुन्या हायवेनं. एक्सप्रेसवेवर बाकीच्यांच्या वेगात हेरल्ड अडगळ होते, आणि खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून वर जाणारा घाट तिच्या मापाचा आहे. चढताना इंजिनच मागच्या चाकांवर भार ठेवतं, तेव्हा रिअर व्हील ड्राइव्ह चढावर शहाणी असते. तिचं खरं रूप उतारावर दिसतं.

उताराचा गिअर चढाएवढाच: ज्या गिअरमध्ये वर याल त्याच गिअरमध्ये खाली. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. सरळ तुकड्यावर एकदा ठामपणे दाबायचा, सोडायचा, ड्रमला श्वास घेऊ द्यायचा. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवणाऱ्यांना मी गाडीत घेत नाही.

थंडीत घाटाचं वेगळेपण सावलीत असतं. उन्हातलं वळण आठ वाजता सुकतं. त्याच्या पुढचं, डोंगराच्या आडोशाचं, दहापर्यंत ओलं राहतं. तुम्ही उन्हातल्या वळणाचा वेग घेऊन सावलीत शिरता. रस्त्याचा रंग बघत चला. करडा म्हणजे कोरडा, काळा म्हणजे ओला, आणि काळ्यावर चमक दिसली तर डिझेल असू शकतं. वळणाच्या आतल्या कडेला ट्रकांनी आणलेली माती आणि खडी असते, तिथं मागचं चाक घालू नका.

धुक्यात लो बीम. हाय बीमचा प्रकाश धुक्यावरून परत डोळ्यांत येतो. आणि कृपा करून चारही इंडिकेटर लावून चालू नका. आपल्याकडे धुकं दिसलं की सगळे तेच करतात. मग पुढचा थांबलाय, चाललाय की वळतोय ते मागच्याला कळत नाही. हेरल्डला हीटर नाही, काच आतून धुरकटते. त्रिकोणी काचा थोड्या उघड्या ठेवायच्या, आणि निघण्याआधी समोरची काच आतून शेव्हिंग फोम लावून कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून घ्यायची. तासन्‌तास धुरकटत नाही. थंडी वाजते, स्वेटर घाला.

सुरूर फाट्याला हायवे सोडून वाईकडे वळलं की उसाचा हंगाम लागतो. नोव्हेंबरपासून ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे धड दिवा नाही, उसाचे शेंडे रस्त्यावर लोंबतायत. रात्री तिथं मी जातच नाही. दिवसासुद्धा रस्त्यावर पाचट पडलेलं असतं. वाळलेल्या पाचटावरून मागची चाकं अशी सरकतात की बर्फाची हौस फिटावी. त्यावर ब्रेक मारायची वेळ येणार नाही इतकं अंतर ठेवा. पसरणी घाट रुंद आहे, वळणं आधी दिसतात. पोलादपूरहून येणारा आंबेनळी देखणा, पण अरुंद, झाडीचा, सावलीचा. उतरायला निवडायचाच असेल तर उन्हं वर आल्यावर.

महाबळेश्वरची सकाळ

इथं मात्र खऱ्या अर्थानं थंडी आहे. कडाक्याच्या दिवसांत वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या बाजूला दव गोठतं, गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. पर्यटक फोटो काढतात. रस्ता त्याहून उबदार असतो, पण तलावाकाठचा छोटा पूल किंवा कडेचा सिमेंटचा उतार यांचा भरवसा नाही.

रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढायचा नाही, ओले शू धरून बसतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, चाकाला दगड. नाक शक्यतो बाहेरच्या बाजूला, म्हणजे सकाळी गार इंजिनावर रिव्हर्सचा खटाटोप नको. काचेवर गोठलेलं असेल तर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डानं खरवडायचं. झी-थ्रीवाल्यांनी सकाळच्या थंडीत छत उघडू नये. मागची खिडकी प्लॅस्टिकची असते, गारठलेली दुमडली की चिरते.

चोक, म्हणजे गार इंजिनाला जास्त पेट्रोल पाजणारी खुंटी, मुंबईत वर्षभर शोभेला असतो. इथं पूर्ण ओढावा लागतो, आणि इथेनॉलमुळे आणखी जास्त वेळ, कारण ते थंडीत पेट्रोलइतकं चटकन वाफ होत नाही. ॲक्सिलरेटर न दाबता सेल्फ, दहा सेकंदांहून जास्त नाही, मध्ये थोडं थांबून परत. सुरू झाली की उभ्या-उभ्या पंधरा मिनिटं गुरगुरवत ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, ती चुकीची. इंजिन तापतं, पण गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक, टायर सगळं गारच राहतं. मिनिटभरानं निघायचं आणि पहिले पाच-सात किलोमीटर म्हातारीसारखं चालवायचं. डिफरन्शियलमधलं घट्ट तेल सैल होईपर्यंत गाडी जड लागते, ते साहजिक आहे. चोक अर्धा ओढलेला असताना इंजिन आपणहून जोरात फिरत असतं, म्हणजे पाय काढला तरी गाडी ढकलत राहते. पहिल्या उतारावर याची आठवण ठेवा आणि चोक जमेल तितक्या लवकर आत सारा.

स्ट्रॉबेरी घेणार असाल तर पेट्या मागच्या सीटखाली बसतात, आणि मालाला हादरे बसू नयेत म्हणून माणूस आपोआप चांगली गाडी चालवतो. भाच्याच्या झी-थ्रीत मागची सीटच नाही. त्याच्या पेट्या माझ्याकडे असतात.